नेफरतितीच्या आधी युवराज थुतमोस : बर्लिनच्या नॉयेस म्युझियमविषयी

बर्लिनच्या म्युझियम बेटावरील नॉयेस म्युझियमचे तिकीट काढणारी बहुतेक माणसे नेफरतिती राणीचा अर्धपुतळा पाहण्यासाठी आलेली असतात. तो पुतळा त्या कौतुकास पूर्णपणे पात्र आहे. तरीही हे संग्रहालय ज्यांना मनापासून पाहायचे आहे, त्यांनी राणीच्या दालनाकडे वळण्याआधी याच संग्रहातील एका लहान, गडद रंगाच्या दगडी मूर्तीसमोर उभे राहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ही मूर्ती युवराज थुतमोसची आहे. इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील आमेनहोतेप तिसरा याचा हा थोरला मुलगा. तो राजा होण्याआधीच वारला. त्याची कबर अद्याप सापडलेली नाही आणि त्याच्याविषयी जे काही कळते, ते प्रामुख्याने मृतांसाठी घडवलेल्या मोजक्या वस्तूंमुळे. त्यांपैकी एक वस्तू बर्लिनमध्ये आहे आणि माझ्या मते संग्रहालयातील अमर्ना काळाच्या, म्हणजे नेफरतिती आणि तिच्या राजाच्या काळाच्या, दालनांचा अर्थ खऱ्या अर्थाने तिच्यापासून उलगडू लागतो.

त्यासाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. आमेनहोतेप तिसरा याने इसवी सनापूर्वी सुमारे 1390 ते 1353 या काळात राज्य केले. इजिप्तच्या संपन्नतेचा तो कळस होता. त्याची पट्टराणी तिये हिच्यापासून झालेल्या मुलांमध्ये थुतमोस थोरला होता आणि प्रथेप्रमाणे गादी त्याच्याकडे जायची होती. तारुण्यात त्याला मेम्फिस येथे प्ताह देवाचा प्रमुख पुरोहित नेमण्यात आले. वरच्या आणि खालच्या इजिप्तमधील पुरोहितांवर देखरेख ठेवण्याचे पदही त्याच्याकडे होते. वडील हयात असतानाच तो मरण पावला आणि वारसा धाकट्या भावाकडे गेला. हा धाकटा भाऊ आधी आमेनहोतेप चौथा या नावाने गादीवर बसला आणि पुढे त्याने स्वतःला अखेनातेन म्हणवून घेतले. जुन्या देवांना बाजूला सारून सूर्यबिंबाची, म्हणजे आतेनची, उपासना राज्यावर लादणारा आणि वाळवंटात, आजच्या अमर्ना येथे, नवी राजधानी वसवणारा राजा तो हाच. नेफरतिती ही त्याची राणी. थोरला भाऊ जगला असता तर इजिप्तचा इतिहास कसा घडला असता याविषयी ठामपणे काही बोलणे योग्य ठरणार नाही, पण अखेनातेनला गादी मिळण्याचा मार्ग या एका मृत्यूमुळे मोकळा झाला एवढे निर्विवाद आहे. ज्या पुतळ्यासाठी जगभरातून लोक बर्लिनला येतात, त्याच्या निर्मितीच्या कारणपरंपरेत या विस्मृत राजपुत्राचा मृत्यू येतो. म्हणूनच पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

आता त्या मूर्तीकडे येऊ. काळसर शिस्ट दगडातील या शिल्पात राजपुत्र मंचकावर उताणा झोपलेला आहे. मंचकाला सिंहाचे रूप दिलेले आहे. इजिप्तमधील अंत्यविधीच्या चित्रांत ममी ज्या मंचकावर ठेवलेली दिसते, त्याच घडणीचा हा मंचक आहे. देह ममीसारखा गुंडाळलेला असल्याने हातापायांच्या वेगळ्या रेषा जवळजवळ नाहीत आणि सारे लक्ष चेहऱ्याकडे जाते. डोक्यावर केसांचा टोप असून कानाजवळून खाली येणारी बट दिसते. ही बट एरवी बालपणाची खूण मानली जात असली, तरी प्ताहचा प्रमुख पुरोहितही ती धारण करीत असे. त्यामुळे येथे ती वयापेक्षा अधिकारपद दाखवते. मृताच्या छातीवर पंख पसरून एक पक्षी बसलेला आहे. त्याचे मस्तक माणसाचे आहे. हा ‘बा’, म्हणजे मृत्यूनंतर देहातून बाहेर जाऊन परत देहाकडे येऊ शकणारा मृताचा अंश. पंखांनी देहाला जवळजवळ मिठी घातल्यासारखी रचना शिल्पकाराने केली आहे. दगड कठीण आणि आकार लहान असूनही पंखांचा भार छातीवर जाणवतो, यात त्या अनाम कारागिराचे कौशल्य आहे. मंचकाच्या बाजूंवर कोरलेल्या चित्रलिपीत राजपुत्राचे नाव आणि त्याचे पौरोहित्याचे पद येते. काचपेटीला एकदा वळसा घालून ही अक्षरे दोन्ही बाजूंनी पाहावीत. समोरून पाहून पुढे निघालेल्या प्रेक्षकाला निम्मी वस्तू दिसतच नाही.

या मूर्तीचे महत्त्व समजण्यासाठी तिची भावंडे कोठे आहेत हेही माहीत असावे लागते. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात याच राजपुत्राची शिस्ट दगडातीलच एक छोटी मूर्ती आहे. तिच्यात तो गुडघ्यांवर बसून आपल्याकडच्या पाट्यासारख्या दगडावर धान्य दळतो आहे. राजाचा थोरला मुलगा दळण दळताना दाखवणे चमत्कारिक वाटेल, पण मूर्तीवरील लेखात तो स्वतःला थोर देवाचा सेवक आणि त्या देवासाठी दळणारा म्हणवतो. परलोकात मृताच्या वतीने कष्ट करणाऱ्या मूर्ती घडवण्याची जी इजिप्शियन पद्धत होती, तिच्याशी या कल्पनेचे जवळचे नाते आहे. फरक इतकाच की येथे सेवक म्हणून दुसऱ्या कोणाला न बसवता राजपुत्राने ती जागा स्वतः घेतली आहे. राजघराण्यातील माणसाची इतकी नम्र प्रतिमा मी इजिप्तच्या कलेत अन्यत्र पाहिलेली नाही.

तिसरी वस्तू सर्वांत प्रसिद्ध आहे आणि ती त्याची नव्हे, तर त्याच्या मांजरीची आहे. मेम्फिसच्या परिसरात, आजच्या मित रहिना येथे, 1892 मध्ये चुनखडीच्या दगडाची एक छोटी शवपेटी सापडली. ती इजिप्तच्या संग्रहात कैरोत आहे. त-मिउ नावाची ही मांजर शवपेटीच्या बाजूवर अन्नाने भरलेल्या मेजासमोर बसलेली कोरली आहे आणि तिच्यापुढे नैवेद्यात बदकही आहे. माणसांच्या शवपेट्यांवर असतात तशा इसिस आणि नेफ्थिस या देवी तिच्या रक्षणासाठी दोन टोकांना कोरलेल्या आहेत. मृत माणसाचा उल्लेख ओसिरिस, म्हणजे परलोकाचा देव, या नावाने करण्याची प्रथाही तिच्या बाबतीत पाळली आहे आणि आकाशातील न मावळणाऱ्या ताऱ्यांमध्ये आपले स्थान असल्याचे लेखात तिच्याच तोंडी घातले आहे. या शवपेटीवर थुतमोसची पदे तपशीलवार कोरलेली आहेत. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला या मांजरीच्या शवपेटीपाशी यावेच लागते. ज्याच्या अधिकारपदांची इतकी विश्वसनीय यादी स्वतःच्या कबरीत नाही तर पाळलेल्या प्राण्याच्या शवपेटीवर मिळते, अशा माणसाविषयी कुतूहल न वाटणे कठीण आहे.

याशिवाय सक्कारा येथील सेरापियममध्ये, म्हणजे ओगुस्त मारिएत याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उजेडात आणलेल्या पवित्र आपिस बैलांच्या दफनस्थानी, त्याचा संबंध येतो. तेथील ज्ञात दफनांपैकी सर्वांत जुने दफन आमेनहोतेप तिसरा याच्या काळातील आहे आणि त्याच्याशी निगडित वस्तूंवर थुतमोसचे नाव आढळते. आपिस हा प्ताहचा बैल, आणि हा राजपुत्र प्ताहचा प्रमुख पुरोहित. त्यामुळे बैलाच्या अंत्यविधीत त्याचा पुढाकार असणे स्वाभाविक होते. तुतानखामेनच्या कबरीत 1922 मध्ये मिळालेल्या वस्तूंमध्येही एक चाबूक आहे. त्याच्या मुठीवर सैन्याचा नायक असलेल्या थुतमोस नावाच्या राजपुत्राचा उल्लेख आहे आणि तो हाच असावा असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर चुलत्याचा चाबूक पुतण्याबरोबर पुरला गेला, कारण तुतानखामेन हा अखेनातेनचा मुलगा असल्याचे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

ही सगळी माहिती संग्रहालयातील एका फलकात मावणारी नाही आणि तशी अपेक्षा करणेही गैर ठरेल. जर्मन आणि इंग्रजीतील फलक वस्तूचे नाव, काळ आणि साहित्य सांगतात. त्यापुढचे वाचन प्रेक्षकाने घरून करून यावे लागते. मराठी माणसाची भिस्त येथे अर्थातच इंग्रजीवर राहते. माझी सूचना एवढीच आहे की कैरोतील शवपेटी आणि लुव्रमधील दळणारी मूर्ती यांची मोठी छायाचित्रे बर्लिनच्या मूर्तीशेजारी लावली, तर तीन शहरांत विखुरलेला हा माणूस निदान चित्ररूपाने एका ठिकाणी येईल. मूळ वस्तू एकत्र येणे अवघड असते, छायाचित्रांना तशी अडचण नाही.

संग्रहालयाच्या इमारतीबद्दल स्वतंत्र लिहावे इतकी ती चांगली आहे. फ्रिडरिश आउगुस्ट श्ट्युलर याच्या आराखड्यानुसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेली ही वास्तू दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली आणि पूर्व जर्मनीच्या काळात दीर्घकाळ भग्नावस्थेत राहिली. वास्तुविशारद डेव्हिड चिपरफील्ड यांनी तिची पुनर्रचना करताना युद्धाच्या जखमा लपवल्या नाहीत. जे उरले होते ते जपले, जे नष्ट झाले होते तेथे साध्या विटा आणि फिकट काँक्रीट वापरून नवे काम नवेच दिसेल असे ठेवले. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये संग्रहालय पुन्हा उघडले आणि 2011 मध्ये या कामाला युरोपीय वास्तुकलेचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला. मध्यवर्ती जिन्याच्या दालनात उघड्या विटांच्या उंच भिंतींमधून वर जाताना या निर्णयाचे मोल कळते. एका दालनाच्या छतावर एकोणिसाव्या शतकातील निळ्या पार्श्वभूमीवरची इजिप्शियन चित्रे जागोजागी फिकी पडलेल्या अवस्थेत तशीच सांभाळलेली आहेत. तुटलेले आहे ते तुटलेले म्हणून जपण्याची ही वृत्ती थुतमोससारख्या माणसाच्या अवशेषांना फार शोभते, कारण त्याचे चरित्रही अशाच तुकड्यांत हाती आले आहे.

राजपुत्राच्या मूर्तीनंतर त्याच्या आईकडे जावे. तिये राणीचे लाकडी मस्तक या संग्रहातील माझ्या सर्वाधिक आवडीची वस्तू आहे, आणि ज्यांना दोनच वस्तू नीट पाहता येतील त्यांनी दुसरी म्हणून हीच निवडावी. फायूम भागातील गुरोब येथून आलेले आणि जेम्स सायमन या बर्लिनच्या व्यापाऱ्याने 1905 मध्ये विकत घेतलेले हे मस्तक यू वृक्षाच्या लाकडात कोरलेले आहे. मस्तक स्वतः जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर उंच आहे. ओठांचे कोपरे खाली वळलेले, डोळ्यांच्या पापण्या जड, नाकापासून तोंडाकडे येणाऱ्या रेषा स्पष्ट. राणीचे वय आणि अधिकार दोन्ही शिल्पकाराने लपवले नाहीत. क्ष-किरण तपासणीत असे आढळले की आज दिसणाऱ्या शिरोवेष्टनाच्या खाली आधीचे चांदीचे शिरोवस्त्र आणि सोन्याचे अलंकार आहेत. म्हणजे मस्तक एकदा घडवल्यानंतर राणीचे स्थान बदलले तेव्हा तिचा पेहरावही बदलण्यात आला. हा बदल नवऱ्याच्या मृत्यूनंतर झाला असावा असे मानले जाते. एका कानातील कर्णभूषण आच्छादनाखालून डोकावते. ते शोधून पाहावे. थोरला मुलगा गमावलेली आणि धाकट्याच्या राज्यात नव्या राजधानीपर्यंत पोहोचलेली ही स्त्री आहे, हे लक्षात ठेवून पाहिले की चेहऱ्यावरील प्रत्येक रेषा वेगळी वाटू लागते. त्या रेषांना मुलाच्या मृत्यूचे दुःख चिकटवणे हा अर्थातच आपला भावनिक अर्थ ठरेल. शिल्पकाराचा हेतू तसा होता असे मी म्हणत नाही. पण एकाच छताखाली आई आणि मुलगा आहेत, ही वस्तुस्थिती आहे आणि ती जाणून घेण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे.

अखेनातेनच्या काळात घरांत पूजेसाठी ठेवल्या जाणाऱ्या चुनखडीच्या छोट्या शिलापटासमोर भावांमधील अंतर डोळ्यांत भरते. त्यावर राजा आणि राणी समोरासमोर बसलेले असून त्यांच्या तीन मुली त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत आहेत. राजाने एका मुलीला मुका घेण्यासाठी जवळ घेतले आहे, दुसरी आईच्या मांडीवर आहे, तिसरी तिच्या खांद्यावर चढून शिरोभूषणाशी चाळा करते आहे. वरून सूर्यबिंबाचे किरण खाली येतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला हात आहे. धाकटा भाऊ असा जिवंत, मुलाबाळांत रमलेला आणि नव्या देवाच्या किरणांखाली न्हालेला दिसतो. थोरला भाऊ जुन्या देवाचा पुरोहित, दळणारा सेवक आणि मंचकावरचा मृतदेह या रूपांतच उरला आहे. याच दालनांच्या क्रमात हा विरोध समजतो आणि तो समजावा म्हणूनच राजपुत्र आधी पाहावा असे माझे म्हणणे आहे.

त्यानंतर नेफरतिती. उत्तरेकडील घुमटाच्या दालनात ती एकटी उभी आहे. तेथे छायाचित्रे काढता येत नाहीत आणि हा नियम मला स्वागतार्ह वाटतो, कारण त्या दालनात माणसे खरोखर पुतळ्याकडे पाहतात. 6 डिसेंबर 1912 रोजी लुडविग बोरखार्ट यांच्या उत्खननात अमर्ना येथील एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत हा अर्धपुतळा सापडला. त्या शिल्पकाराचे नावही थुतमोस होते. घोड्याच्या डोळ्यांवर बांधायच्या हस्तिदंती झापडेवर कोरलेल्या लेखावरून ते नाव निश्चित झाले. एकाच संग्रहालयात एक थुतमोस राजपुत्र आणि दुसरा थुतमोस शिल्पकार असल्याने अनेकांचा गोंधळ होतो. मार्गदर्शकाच्या मागे धावत फिरणाऱ्या गटात तर दोघांची सरमिसळ झालेली मी ऐकली आहे. उत्खननाचा खर्च जेम्स सायमन यांनीच केला होता, पुतळा त्यांच्या वाट्याला आला आणि 1920 मध्ये त्यांनी तो संग्रहालयाला दिला. तो इजिप्तला परत मिळावा ही मागणी जुनी आहे आणि तिचा विचार न करता या दालनातून बाहेर पडू नये असे मला वाटते. वस्तूंची वाटणी त्या काळच्या नियमांनुसार झाली असली, तरी ते नियम कोणी आणि कोणाच्या देशात ठरवले होते हा प्रश्न उरतोच.

भारतातून युरोपच्या सहलीवर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आमच्या नात्यातील ज्येष्ठ मंडळी एका सहल कंपनीबरोबर बर्लिनला आली होती, तेव्हा या संग्रहालयासाठी कार्यक्रमात तासाभराचा वेळ ठेवलेला होता. त्या वेळात सर्वांना थेट राणीच्या दालनात नेऊन परत बसमध्ये बसवण्यात आले. तिये राणी कोण हेही त्यांना कळले नव्हते. ज्यांना शक्य आहे त्यांनी सहलीतील मोकळ्या दिवशी स्वतंत्रपणे यावे आणि निदान अर्धा दिवस येथे द्यावा. हे संग्रहालय आकाराने आवाक्यातले आहे. इजिप्तच्या विभागाला पुरेसा वेळ दिल्यावर वरच्या मजल्यावरील कांस्ययुगातील सोन्याची उंच, निमुळती टोपी पाहण्याइतकी ताकद शिल्लक राहते. बाकीचे प्रागैतिहासिक दालन घाईत पाहिले तरी चालेल. शेजारचे पेर्गामॉन म्युझियम 2023 च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद असल्याने तो वेळही येथे वळवता येतो.

मुंबईतील वाचकांपैकी ज्यांनी 2023 च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सुरू झालेले प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन पाहिले असेल, त्यांना बर्लिनच्या संग्रहांची ओळख आधीच झालेली आहे, कारण त्या प्रदर्शनासाठी बर्लिनच्या सरकारी संग्रहालयांनीही आपली शिल्पे पाठवली होती. भारतीय आणि इजिप्शियन मूर्ती शेजारी ठेवून पाहण्याची जी सवय त्या प्रदर्शनाने लावली, ती येथे फार उपयोगी पडते. मंचकावरील मृत राजपुत्र पाहताना आपल्याकडील कोणत्या शिल्पाची आठवण होते, हे प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावे.

व्यवहाराचे मुद्दे थोडे आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असते. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट घेणे सोयीचे, विशेषतः उन्हाळ्यात. 2019 मध्ये सुरू झालेल्या जेम्स सायमन गॅलरीतून आत जाता येते. मोठ्या पिशव्या सामानघरात ठेवाव्या लागतात. म्युझियम बेटाचे भुयारी रेल्वेस्थानक 2021 पासून सुरू असल्याने मुख्य स्थानकावरून येणे सोपे झाले आहे. राणीच्या दालनाबाहेर फ्लॅशशिवाय छायाचित्रे काढता येतात, पण काचेच्या परावर्तनामुळे शिस्टसारख्या गडद दगडाचे चांगले छायाचित्र मिळणे कठीण. त्यापेक्षा मूर्तीची बाजू आणि अक्षरे जवळून पाहण्यात तो वेळ घालवावा. दालनांतील मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून आत शिरताच माहितीकक्षात राजपुत्र थुतमोसच्या मंचकमूर्तीची आणि तिये राणीच्या मस्तकाची जागा विचारून घ्यावी, आणि मग नेफरतितीच्या दालनाकडे निघालेल्या गर्दीच्या आधी तेथे पोहोचावे.